चव्वेचाळीस श्वास

"मग ओरडू नको तर काय, ओवाळू तिला?"

हेमलता तणतणत होती. वीस आशाताईंच्या कामावर देखरेख तिची. त्यातली रमिला पाडवी तान्ह्या बाळांचे श्वास मोजताना हमखास चुकायची. गेल्या महिन्यात तर एक बाळ थोडक्यात वाचलं.

"चांगली झाडली चारचौघांत. आता बघा तिची वही. एक चूक सापडायची नाही."

सुमनबाईंनी वही घेतली. या निवृत्त नर्सबाई. हेमलताला काम शिकवलं ते यांनीच.

मिनिटाला चव्वेचाळीस श्वास. पुढच्या बाळाचेही चव्वेचाळीस. दहा बाळं, दहाही एका मापाची.

"चल," बाई म्हणाल्या.

पाड्यावर रमिला बारा दिवसांच्या बाळापाशी बसली होती. हेमलताला पाहताच धडपडून उठली.

"सगळं बरं आहे मॅडम. चव्वेचाळीस."

"मोजलेस?" बाईंनी हळूच विचारलं.

रमिलाची मान खाली गेली. "भीती वाटते बाई. चुकलं तर मॅडम..."

हेमलता तोंड उघडणार, तोच बाई तिला म्हणाल्या, "तू मोज."

हेमलता बाळापाशी गुडघ्यांवर बसली. बाई तिच्या डोक्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"किती झाले? इतकेच? नीट बघ. एवढंही जमत नाही?"

आकडा निसटला. पुन्हा सुरुवात. पुन्हा निसटला. हेमलताचे कान तापले.

"बाई, तुम्ही असं डोक्यावर उभं राहिल्यावर..."

बोलता बोलता तिची नजर रमिलाकडे गेली.

बाईंनी जमिनीवर बसकण मारली आणि रमिलाला जवळ ओढलं. "तू पोटाकडे बघ. मिनिट झालं की मी सांगते. चुकलं तर पुन्हा मोजू, घाई कसली?"

रमिलानं मोजले. अडुसष्ट.

पुन्हा मोजले. सत्तर.

साठाच्या वर म्हणजे दवाखाना, हे बाळाच्या आईलाही ठाऊक होतं. ती रडू लागली. रमिलानं दवाखान्याच्या गाडीला फोन लावला, बाळाला गुंडाळून आईच्या छातीशी दिलं.

हेमलताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ती दहा बाळं, बाई... कोण बरं, कोण आजारी, काहीच कळलं नाही मला."

"याला दवाखान्यात पोचवू, मग आज संध्याकाळपर्यंत सगळ्यांकडे जाऊ."

"आणि हे? हे वाचेल ना?"

बाईंनी बाळाचं दुपटं सारखं केलं.

गाडी आली. आई बाळाला घेऊन मागं बसली, तिच्याजवळ रमिला. हेमलतानं सवयीनं पुढचं दार उघडलं.

"तिथं नको," सुमनबाई म्हणाल्या. "मागं बस. रमिलाच्या शेजारी."