बिनअडसराचं दार

थांबा, विश्रामकाका, आत शिरायच्या आधी हे दार बघा. काळं, जाड, ओक लाकडाचं. आत गेलात की चौकटीला दोन्ही बाजूंनी लोखंडी आकडे दिसतील. अडसर अडकवण्यासाठी ठोकलेले आहेत, पण अडसर नाही. दीडशेहून जास्त वर्षं नाही, असं सांगतात.

तुमच्या फोनमधल्या यादीत या पबचं नाव नाही, मला ठाऊक आहे. यादीतल्या पाचांपैकी तीन मी आधीच खोडलेत. बाहेर हिरव्या टोपीचा बाहुला उभा असेल, तर तो पब आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी थाटलेला असतो. कॉर्कमध्ये मी बत्तीस वर्षं नर्स होते, आता तुमच्यासारख्या मराठी मंडळींना गाव दाखवते. जुना पब निवडायचा तर पाटी वाचू नका, दार बघा, एवढंच माझं सांगणं. हे दार असं का, ते ऐका आणि मग आत चला.

बटाट्याचं पीक कुजून इथं मोठा दुष्काळ पडला, त्यानंतरची वर्षं होती. नोरा लेही नावाची बाई हे घर चालवायची; इथं पबला घरच म्हणतात. तिचा नवरा कॉन जहाजावर होता, कॅनडाहून लाकूड आणायला गेलेला. जाताना तो म्हणाला होता म्हणे, "घर चालू ठेव, नोरा. परत आल्यावर मला बंद दार दिसायला नको." त्याचं जहाज यायची वेळ टळून दोन महिने झाले होते. घर चालू ठेवणं एवढंच नोराच्या हातात उरलं होतं.

आणि तेच जमेना. त्या काळी कायदा असा होता, की रस्त्यात किंवा नदीत प्रेत सापडलं तर ते जवळच्या पबमध्ये न्यायचं. बियरची पिंपं ठेवायला तिथं थंडगार तळघर असे ना! सरकारी पंचनामा होईपर्यंत प्रेत तिथंच राहायचं. मालकाला नाही म्हणता येत नसे. खाली धक्का आहे, आणि धक्क्यावरून वर चढलं की पहिलं घर नोराचं. त्या हिवाळ्यात नदी आठवड्याला एक तरी माणूस द्यायची. खाली प्रेत आहे म्हटल्यावर वर बसून पिणार कोण? नेहमीची माणसं तिला टाळून पुढच्या घरी जाऊ लागली.

नाताळच्या आधीचा शनिवार होता. दुपारची वेळ. कितीतरी दिवसांनी घर भरलं होतं, गाणी चालली होती. नोराच्या जिवात जीव आला होता. तेवढ्यात तिला खिडकीतून दिसलं, दोन हमाल फळीवर एका माणसाला घेऊन चढ चढताहेत. आधी दिसले ते पाय.

इथली रीत अशी, की मेलेल्याला पाय पुढे करून न्यायचं आणि जिवंताला डोकं पुढे करून. नोराला दुसरं काही बघायची गरज वाटली नाही. तिने लोखंडी अडसर टाकला. हमालांनी दार बडवलं, काहीतरी ओरडले. आत गाण्याचा गलका. नोराने दाराला तोंड लावून सांगितलं, "हे घर भरलंय. पुढच्या घरी न्या!"

पुढचं घर म्हणजे अजून साठ पायऱ्या. ते गेले.

दुसऱ्या दिवशी त्या घरचा मालक, म्हातारा जेरी ट्वोमी, टोपी हातात घेऊन नोराकडे आला. तो म्हणाला, "तो मेलेला नव्हता, नोरा. पोटातलं पाणी तोंडावाटे निघून जावं म्हणून त्यांनी डोकं उताराकडे ठेवलं होतं. शेकोटीजवळ ठेवल्यावर त्याने डोळे उघडले. 'किती ऊब आहे इथं,' एवढं बोलला आणि गेला. जरा आधी आला असता तर..."

मी नर्स आहे, काका. गारठलेल्या माणसाला वेळेत शेक मिळाला तर तो वाचतो. साठ पायऱ्या फार होतात.

गल्लीतले काहीजण तुम्हाला सांगतील, तो कॉनच होता. खोटं आहे ते. तो कोण होता, हे कधीच कळलं नाही. माझ्या मते तेच जास्त वाईट. कारण नोराच्या डोक्यात त्या दिवसापासून एकच गोष्ट बसली. माझा कॉनही कुठल्या तरी किनाऱ्याला लागला असेल. कुणीतरी त्याला फळीवर घातलं असेल. आणि तिथल्या बाईने खिडकीतून बघितलं असेल.

लेहींच्या दफनभूमीत तिने कॉनसाठी जागा राखली होती. तिथे तिने त्या अनोळखी माणसाला पुरलं. मग लोहाराला बोलावून अडसराची सळई करून घेतली, शेकोटीतले निखारे वरखाली करायची. पुढे धक्क्यावर जो खलाशी उतरे त्याला ती आत घेई, गरम पाण्याचा पेला त्याच्या हातात देई, आणि विचारी, "तुमच्या बंदरात दार उघडतात ना?" सगळे हो म्हणत. बाईच्या तोंडाकडे बघून दुसरं काय म्हणणार? तिला ते कळत असे, असं सांगतात. तरी ती प्रत्येकाला विचारायची. चाळीस वर्षं विचारत राहिली. कॉन आला नाही.

आजही या दाराला अडसर नाही. पब बंद झाल्यावर घरातलं कुणीतरी खाली शेकोटीपाशीच झोपतं. सध्या मॉरा झोपते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. निखारे त्याच सळईने सारखे करतात. आत गेलात की काय पिणार हे आधी कुणी विचारणार नाही. मॉरा गरम पाण्याचा पेला तुमच्या हातात देईल आणि विचारेल, "ऊब मिळाली का?" पाहुणे घाईघाईने हो म्हणून टाकतात. तुम्ही तसं करू नका. हात खरोखर गरम होऊ द्या, मगच हो म्हणा. भिडेखातर दिलेले होकार या घराने फार ऐकलेत.

चला. दार ठोठावू नका, विश्रामकाका. नुसतं ढकला.