बदामी आणि बिस्किटी

रंगाच्या डब्यांना वाचा होती त्या काळची गोष्ट. एका नव्या घरात बदामी आणि बिस्किटी असे दोन डबे झाकणं उघडून सकाळपासून भांडत होते.

"या भिंतीवर मीच खुलेन!"

"छे, मीच शोभेन!"

ऐकून ऐकून ब्रशबुवा वैतागले. त्यांनी दोघांचा एकेक पट्टा भिंतीवर ओढला. "सांगा, तुमचा कोणता?"

"उजवा!" दोघे एकदम म्हणाले.

"मग डावा कोणाचा?" ब्रशबुवा ओरडले.

त्यावरून पुन्हा जुंपली. "अरे, वाळून जाल! आधी भिंत रंगवू द्या," ब्रशबुवा विनवत राहिले, पण ऐकतंय कोण? संध्याकाळपर्यंत दोघांवर जाड साय धरली. शेवटी ब्रशबुवा मुकाट्याने चुन्याच्या बादलीत उतरले.

भिंत म्हणाली, "बुवा, सुटले मी एकदाची!"