पुसलेलं बटण

“आता तरी मला पेटीला बसवाल ना, बुवा?”

सामान मांडता मांडताच सर्जेरावानं विचारलं. रामलिंगाच्या देवळात येत्या शिवरात्रीला चिंतोबुवांचं कीर्तन. पेटीची साथ करणारे म्हातारे दिवाळीत वारले, ती जागा त्याला हवी होती. मी खांबापाशी चिंचेनं समया घासत बसलेली.

एकेक खोका उघडत गेला. विजेवरचा तानपुरा. विजेवरचा तबला. तीन वर्षांपूर्वीचा कीबोर्ड. आणि परवाच आलेला नवा, माणसाएवढा लांब.

“तबलाही ह्यातच?” बुवा म्हणाले. “मग तबलजीला प्रसादापुरतंच बोलवू.”

सर्जेराव हसला. त्याला ते कौतुक वाटलं.

“काल काय वाजवलंस?”

“काल खोका उघडला, बुवा.”

“परवा?”

“परवा पार्सलची वाट बघण्यात गेला दिवस.”

“त्याआधी?”

“कोणता घ्यावा ते मोबाईलवर बघत होतो. महिनाभर.”

“फार कामात होतास रे…”

बुवांनी नव्याला हात लावला नाही. जुना कीबोर्ड मांडीवर घेतला, उजेडाकडं तिरपा धरला. पट्ट्या दुकानातल्यासारख्या चकचकीत. मला वाचता येत नाही, पण लांबून मलासुद्धा दिसलं. सगळ्या बटणांपाशी अक्षरं होती, एकच बटण कोरं. बोट लागून लागून पुसलेलं.

“इथं काय लिहिलेलं होतं?”

सर्जेराव नव्याच्या खोक्याचं झाकण लावायला लागला.

“सर्जेराव?”

“डेमो.”

“म्हणजे?”

“दाबलं की… आपलं आपण वाजतं. गाणं आत भरलेलंच असतं.”

“आणि तू?”

“मी वरनं बोटं फिरवतो.”

“कुणापुढं?”

“पाहुण्यांपुढं.” मान खाली गेली. “लेकीपुढं. ती शाळेत सांगते, माझे बाबा…”

त्या लेकीच्या वाढदिवसाला मीही गेले होते. ते गाणं ऐकून पदरानं डोळे पुसले होते मी, आणि त्याच्या बोटांवरनं माझी बोटं कानशिलावर मोडली होती. आता समईतच तोंड घातलं. वर बघायचा धीर होईना.

सर्जेराव वायरी गोळा करायला लागला. “येतो, बुवा.”

बुवांनी आपली जुनी पेटी त्याच्यापुढं सरकवली. भाता स्वतः धरला.

“सा दे.”

“आज नको, बुवा. पाया पडतो…”

“भाता मी मारतो. तू नुसतं बोट ठेव.”

त्यानं बोट ठेवलं. ते शेजारच्या पट्टीवरही पडलं. दोन सूर एकमेकांच्या अंगावर ओरडले. कळसाखालची कबुतरं फडफडत उडाली. चटका बसल्यासारखा त्यानं हात मागं घेतला. कानाच्या पाळ्या लालबुंद.

बुवा डोळे मिटून ऐकत राहिले. सूर विरला तरी…

“ही चूक कुठनं मागवलीस?”

“मागवली नाही, बुवा.” त्याचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. “माझीच आहे.”

“मग शिवरात्रीला ही चूक घेऊन ये.”