हिसकावून घेतलेलं खोरं

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याला स्वतःची बायको उचलायची होती. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, आणि मग पुढचं नीट वाचा.

जेजुरीची रीत तुम्हाला ठाऊक असेल. लग्न झालं की जोडप्यानं खंडोबाच्या दर्शनाला जायचं, आणि गडाच्या पहिल्या पाच पायऱ्या नवऱ्यानं नवरीला उचलून चढायच्या. या व्यापाऱ्यानं आपल्या लग्नात पहिल्याच पायरीवर दम टाकला. नवरीला खाली ठेवलं आणि तिथंच बसकण मारली. मेहुणे खदाखदा हसले. नवरी हसली नाही. पदर खोचून ती आपल्या पायांनी वर गेली, आणि त्या गोष्टीचा शब्द तिनं पुन्हा कधी काढला नाही. संसार उत्तम झाला. दुकान वाढलं, दुकानाबरोबर शेठही वाढले. दिवसभर गादीवर बसायचं, आलेल्या ढेपेचा खडा तोंडात टाकून पारख करायची, आणि पुन्हा बसायचं. अशानं माणूस वाढणार नाही तर काय होईल?

पुढं मुलाचं लग्न ठरलं. पंगतीत वाढता वाढता आई मुलाला सहज म्हणाली, "तू तरी उचल रे बाबा सुनेला." सगळे हसले, शेठही हसले. पण त्यांना पुढचा घास गिळवेना. बाईच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. इतकी वर्षं हिनं हे मनात ठेवलं आणि आपल्याला पत्ता नाही! सून ज्या दिवशी गड चढेल त्याच दिवशी आपण हिला उचलायचं, असं त्यांनी मनाशी धरलं. लग्न वैशाखात होतं. मधे अख्खा पावसाळा आणि हिवाळा पडला होता.

गावाच्या वेशीपाशी एक जुनी तालीम होती. तिथले वस्ताद वयोवृद्ध. कुस्त्या खेळून कान चुरगळलेले, जीभ खरबरीत. शेठ तिथं मुहूर्त बघून गेले. हातात नारळ, हार आणि पेढ्यांचा पुडा. मागं हमालाच्या डोक्यावर बदामाची पिशवी आणि तुपाचा डबा.

वस्तादांनी विचारलं, "काय शेठ, वरात चुकली काय?"

"नाही वस्ताद. व्यायामाला लागतोय. खुराक आधीच सुरू केलाय, पंधरवडा झाला."

"कसला खुराक?"

"बदाम, दूध, तूप. पैलवान घेतात तोच."

"आन् बैठका?"

"त्या आजपासून."

वस्तादांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हंजी पैलवानाचं निम्मं काम तुमी उरकूनच आला म्हना की."

आपल्याकडं व्यायाम तोंडापासून सुरू होतो, त्याला शेठ तरी काय करणार? पण वस्तादांनी जेव्हा विचारलं, "हे खूळ या वयात कशापायी?" तेव्हा शेठनी त्यांना बाजूला नेलं आणि खालच्या आवाजात पायरीची हकीकत सांगितली. आजूबाजूचे पैलवान कान टवकारून होते. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी बदाम आणि पेढे पोरांत वाटून टाकले आणि शेठच्या हातात खोरं दिलं.

तालमीत कुस्ती खेळायचा मातीचा खड्डा असतो, त्याला हौदा म्हणतात. त्यातल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद मुरवतात. पण नुसतं मुरवून भागत नाही. रोज खोऱ्यानं उकरली तरच ती मऊ राहते, नाहीतर पडणाऱ्याची हाडं मोडतात. नव्या माणसाचं पहिलं काम तेच.

"वाईच उकरा," वस्ताद म्हणाले आणि आत गेले.

शेठनी अख्खा हौदा उकरला. कुणी थांबा म्हटलं तरी ऐकेनात. वस्ताद बाहेर आले तेव्हा शेठ घामानं थबथबलेले, तळव्यांना फोड आलेले, आणि चेहऱ्यावर किल्ला जिंकल्याचा आनंद.

दुसऱ्या दिवशी शेठना अंथरुणातून उठवेना. तिसऱ्या दिवशी ताप. मग सण आले, मग गुळाचा हंगाम लागला, आणि मग उरली नुसती लाज. तालमीवरून जायचा रस्ता सोडून ते लांबच्या गल्लीनं दुकानाला जाऊ लागले. पण घरात लग्नाची खरेदी सुरू झाली, बायको जावेशी बोलताना जेजुरीचं नाव निघालं, आणि शेठ दुसऱ्या दिवशी सकाळी मान खाली घालून तालमीच्या दारात उभे राहिले. या वेळी हार नाही, नारळ नाही.

"आलात? घ्या खोरं." इतके दिवस कुठं होता, हे वस्तादांनी विचारलं नाही.

आणि इथून वस्तादांनी एक विचित्र चाल धरली. शेठ हौद्याचा एक कोपरा उकरत. अंग तापायला लागे, कपाळावर घामाचा पहिला थेंब येई, हात सैल पडून जरा मजा वाटू लागे, आणि नेमक्या त्या वेळी म्हातारा येऊन खोरं हिसकावून घेई.

"बास. जावा घरी."

"वस्ताद, अजून दम आहे अंगात."

"म्हनूनच जावा."

हे रोजचं झालं. पुढं वस्तादांनी थोड्या बैठका घालायला लावल्या, थोडे जोर काढायला लावले, पण तिथंही तेच. रंग चढला की "बास." पैलवान शेठना बघून आपसांत म्हणत, "शेठ आले, शेठ गेले." घरी बायको म्हणे, "अहो, तालमीत जाता की तालमीचा पत्ता विचारून परत येता?" शेठ काय सांगणार? कशासाठी जातो हे तर तिच्यापासूनच लपवायचं होतं.

एकदा नात्यातल्या बारशाला शेठ परगावी गेले आणि दोन दिवस खाडा पडला. परत आल्यावर गेलेले दिवस भरून काढावेत म्हणून ते भल्या पहाटे येऊन सपासप माती उकरू लागले. वस्तादांनी त्या दिवशी रोजच्यापेक्षा लवकर खोरं हिसकावलं.

आता मात्र शेठचा तोल सुटला. "वैशाख तोंडावर आलाय! मी मरमर करायला तयार आहे आणि तुम्ही मला लहान पोरासारखं खेळवताय. तुम्हाला गंमत वाटत असेल, वस्ताद. माझ्या बायकोनं जन्मात माझ्याकडं काही मागितलं नाही. ही एकच गोष्ट राहिलीय, ती पण न मागता राहिलीय. तिथं मी पुन्हा बसलो ना खाली, तर ती काही बोलणार नाही. तेच मला सोसायचं नाही!"

वस्ताद हौद्याच्या काठावर बसले. शेजारी हात आपटून म्हणाले, "बसा हितं."

शेठ बसले.

"पयल्या दिशी सगळा हौदा तुमी उकरलात. झकास उकरलात, खोटं न्हाई बोलत. पन दुसऱ्या दिशी माती पुन्हा दबलेली हुती. काल किती उकरलं ते माती ध्यानात ठिवत न्हाई शेठ, तिला आजचं खोरं लागतं. अंगाचं तसंच हाय. आता मी तुमचं खोरं कवा काढून घेतो? तुमाला आजून करावं वाटतंय तवाच. दमून, रडकुंडीला यिऊन सोडलं तर मानूस दमनूक घिऊन घरी जातो. सकाळी डोळा उघडला की तीच आठवती, आन् पाय उंबऱ्यात अडतो. गोडी हाय तवर सोडलं तर गोडी घिऊन जातो. सकाळी तीच त्याला उठवती. तुमची ताकद तुमी बगा. मी तुमची गोडी राखतोय. ती जित्ती ऱ्हायली तर ताकद कुटं जाती? यील की मागनं. आन् दोन दिस चुकले तर चुकले. जेवन चुकलं म्हनून कुनी दुसऱ्या दिशी तिप्पट खातं का? खाल्लं तर पोट धरून बसतं. आला तिथनं फुडं चालायचं."

शेठनी हौद्यातली चिमूटभर माती उचलून बोटांनी चुरली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी तिला उचलीन?"

"ते कसं सांगू? बाईंचं वजन मी कुटं केलंय?"

सगळी तालीम हसली, शेठसुद्धा. त्या दिवसापासून वस्तादांना खोरं हिसकावावं लागलं नाही. शेठ आपणच वेळेवर थांबत आणि घरी जात.

वैशाख आला. लग्न लागलं, वऱ्हाड जेजुरीला गेलं. मुलानं सुनेला उचललं, पाच पायऱ्या चढला, लोकांनी येळकोट केला, भंडारा उधळला. मंडळी वर चढू लागली, तसे शेठ बायकोपुढं जाऊन वाकले.

"अहो, हे काय? माणसं बघतायत!"

"बघू दे."

"सुनेपुढं काय हे! कंबर लचकेल. सोडा म्हणते ना!"

तोवर तिचे पाय जमिनीवरून सुटले होते. शेठ घाई न करता चढले. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. चौथ्या पायरीवर त्यांचा वेग मंदावला. बाई त्यांच्या कानाशी म्हणाली, "ठेवा आता. मी बघितलं." शेठनी ठेवलं नाही. पाचवी पायरी चढून मगच तिला हलकेच उभं केलं. मुलगा टाळ्या वाजवायचं विसरून नुसता बघत होता. बाईनं पदरानं नवऱ्याचं कपाळ टिपलं. तिचे डोळे भरले होते, पण बोलण्यात खोच तशीच होती. "चला आता. गड सगळा वरच राहिलाय." दोघं हात धरून, कुठंही न बसता, वर गेली.

दुसऱ्या दिवशी तालमीत पैलवान बोलत होते, "शेठचं काम झालं. आता कशाला तोंड दाखवतील?" पण एरवी शागिर्दांच्या बैठकांवरून नजर न हलवणारे वस्ताद त्या सकाळी सारखे दाराकडं बघत होते.

शेठ आले. डोळ्यांत प्रवासाची झोप, कानामागं भंडारा तसाच पिवळा.

"जमलं?" वस्तादांनी विचारलं.

"जमलं."

"मग आज कशाला आलात?"

शेठ गोंधळले. सदऱ्याची गुंडी काढता काढता थांबून त्यांनी विचार केला. "काय की वस्ताद. तोंड धुतलं आणि इकडं चालू लागलो. कशासाठी, ते मनातच आलं नाही."

वस्ताद उठले. आपल्या पंच्याच्या टोकानं त्यांनी शेठच्या कानामागचा भंडारा पुसला, जसा बाप पोराचा पुसतो तसा, आणि त्यांच्या शेजारी बैठका घालायला उभे राहिले.

तुम्हीही व्यायाम करा, पण उद्या पुन्हा करावासा वाटेल, इतकाच.