कापराचा चोर

देवघरातल्या वस्तू बोलायच्या, त्या काळची गोष्ट. काचेच्या बरणीत कापूर होता, राखणीला चार काळे मिरे आणि वर घट्ट पितळी झाकण. उन्हाळ्यात कापूर रोज झिजू लागला, तसा झाकणाचा संशय बळावला.

"माझ्या पहाऱ्यातून वारासुद्धा जात नाही. या काळतोंड्यांनीच खाल्लाय!"

मिरे रडकुंडीला आले. फडताळातल्या तराजूने बंद बरणी पुन्हा तोलली. "भरली त्या दिवशीइतकंच वजन आहे की!"

"असणारच! माल चोरांच्या पोटात आहे. हाकला त्यांना!"

इतक्यात भागीरथीकाकूंनी बरणी भरल्यापासून पहिल्यांदाच आरतीसाठी झाकण काढून उलटं ठेवलं. त्याच्या आतल्या बाजूला पांढराशुभ्र कापूर चिकटला होता.

तेव्हापासून झाकण कुणाच्याही पोटाबद्दल बोलत नाही.