आखूड कर्ण

एका राज्यात, बरं का, भिंती मोजायची भारी हौस होती. घर बांधा, देऊळ बांधा, चारी बाजूंना दोरी लावायची. चारी सारख्या भरल्या की नगारा वाजवून सांगायचं, चौरस झाला. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरी मात्र कुणी ताणायचं नाही. तशी ताणायची ती मढ्याच्या खड्ड्यावर, असा रिवाज. आणि रिवाजापुढं शहाणपण चालतं होय?

तिथला राजा वज्रसेन लोभी. विकराळ नावाचा मांत्रिक मेला, तर चिता विझायच्या आत राजानं त्याचं सोनं उचलून आणलं आणि चौरस कोठीत ठेवायला धाकट्या लेकाला, सुकेतूला धाडलं. पोरगा आत गेला अन् दार मिटलं. घण घातले, हत्ती लावले, दार ढिम्म हललं नाही. त्या सोन्यावर मांत्रिकाचा शाप होता. त्यात कोठीचे समोरासमोरचे दोन कोपरे हळूहळू मिटू लागले आणि दोन फाकू लागले.

राजा रोज गवंडी धाडायचा. ते दोरी लावून सांगत, चारी भिंती होत्या तेवढ्याच आहेत. मग पोराला धोका नाही, असं म्हणून राजा जेवायला बसे. थोरली राजकन्या शाल्मली मात्र झरोक्याशी बसून असायची. एके दिवशी आतून सुकेतू म्हणाला, "ताई, काल हात पसरता येत होते. आज कोपर भिंतीला लागतं." ही कोठी भावाला चिरडणार, हे तिला कळून चुकलं.

कोठीवर मांत्रिकाचा भारद्वाज पक्षी बसे. तो माणसासारखा बोलायचा; मालक मेल्यावर पाखराला कसली चाकरी? शाल्मलीनं पदर पसरून उपाय विचारला.

तो म्हणाला, "भुजा खोटं बोलत नाहीत, पण सगळं सांगतही नाहीत. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जातात त्या कर्णांना विचार. विकराळाच्या रानात तीन चौकोन आहेत, तिथं जा."

पहिलं होतं तिरकं शेत. समोरासमोरच्या बाजू समांतर, कोपरे कललेले. राखणदार पिशाचानं बजावलं, शेताचं काळीज मधोमध पुरलंय ते काढ, कुदळ चुकली तर तुलाच पुरीन. तिनं जीव मुठीत धरून, रिवाज मोडून, कोपऱ्यांतून दोन दोऱ्या ताणल्या. जिथं एकमेकींना छेदल्या तिथं दोघी बरोबर निम्म्या झाल्या होत्या. तिथं खणलं, तर काळीज धडधडत हाती आलं. पिशाचानं ते ठेवून घेतलं, वर शिकवल्याचा मोबदला म्हणून तिची सावली कापून घेतली.

दुसरी पतंगाच्या आकाराची बाग. शेजारच्या दोन बाजू आखूड, उरलेल्या दोन लांब, आणि गवतात पावलापावलाला साप. हडळ म्हणाली, जिथं काटकोन असेल तिथंच सापांना मज्जाव आहे. शाल्मलीनं पुन्हा दोऱ्या ताणल्या. त्यांचा छेद काटकोनात झाला. तिथं ती रात्रभर उभी राहिली आणि वाचली. सकाळी हडळीनं तिच्या केसांचा काळेपणा काढून नेला.

तिसरं आयताकृती तळं. त्यात कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन साखळ्या बुडवलेल्या. यातली मोठी कोणती, राक्षसानं विचारलं. गळ्याएवढ्या पाण्यातून तिनं दोन्ही मापल्या आणि सांगितलं, सारख्याच आहेत.

"खरं आहे," राक्षस म्हणाला. "याची किंमत मात्र तुझ्या घरी घेतली जाईल."

शाल्मली परतली ती तडक कोठीच्या छपरावर चढली. तिनं कोपऱ्यांतून दोऱ्या ताणल्या तेव्हा खाली लोकांनी डोळे झाकून घेतले. दोऱ्या निम्म्यावर छेदल्या, काटकोनात छेदल्या. पण एक लांबच लांब आणि दुसरी जेमतेम पुरुषभर. हा चौरस नव्हता हो! चारी भुजा सारख्या असलेला, तरी दबलेला समभुज चौकोन होता तो.

भारद्वाज म्हणाला, "आखूड कर्ण लांबवायचा तर राजरक्ताचं माणूस त्यावर आडवं व्हावं लागेल. मरायला येणाऱ्याला दार उघडेल."

शाल्मली दाराकडे वळली. आतून सुकेतूचा आवाज आला, "ताई, तू येऊ नकोस. मी आत आहेच की."

हे राजानं ऐकलं. तो तिथंच उभा होता.

"मी रोज भिंती मोजवल्या," तो म्हणाला. "रोज पोटभर जेवलो." त्यानं मुलीला बाजूला सारलं. दार उघडलं.

राजा फाकलेल्या कोपऱ्यात पाय रोवून आडवा झाला. त्याचा देह ताणला जाऊ लागला. हाडं कडकडली ती बाहेरही ऐकू आली. एकेक कोपरा काटकोनात आला, दोन्ही कर्ण सारखे भरले, आणि राजा दगडाचा होऊन गेला. सोन्याची माती झाली. सुकेतू आपल्या पायांनी बाहेर आला.

शाप संपला. शाल्मली गादीवर बसली. त्या राज्यात आता आधी कर्ण मापतात, मग भिंती रचतात. घरं सरळ उभी राहतात आणि लोक निर्धास्त झोपतात.

सुकेतूनं मात्र बापाला अग्नी द्यायचा हट्ट धरला. कोठीतच दगडाभोवती चंदन रचलं, तूप ओतलं. लाकडं जळून गेली, दगड तसाच राहिला. सुकेतू राख चाळत बसला. नदीत सोडायला त्याला बापाची एकही अस्थी सापडली नाही.