न वाजणारा पट्टा

“पट्टा चुकत नाही, सर. मग माणसं तो काढून का ठेवतात?”

निरंजन कुलथेनं हे विचारलं तेव्हा डॉक्टर इनायत मुल्ला खिडकीशी बसून डाळिंब सोलत होते. मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत, एका सतारवाल्याच्या दुकानावर त्यांचं घर होतं. सारा जन्म त्यांनी हृदयरोग्यांची छाती ऐकण्यात घालवला होता. आता निवृत्त झाले होते आणि खालून येणारे तारा जुळवल्याचे आवाज ऐकत बसत.

निरंजन डॉक्टर नव्हता, इंजिनिअर होता. पण शिकत असताना तो मुल्लासरांच्या मागे मागे वॉर्डातून हिंडला होता. हृदय म्हणजे काय ते त्याला पुस्तकांपेक्षा त्या हिंडण्यातून जास्त कळलं होतं. पुढे त्यानं दंडाला बांधायचा एक पट्टा तयार केला. तो हृदयाचा प्रत्येक ठोका टिपायचा, छोट्या पडद्यावर आकडा दाखवायचा आणि ठोके जरा इकडचे तिकडे झाले की वाजायचा. पुण्याच्या एका स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात फोटो छापून आला. निरंजनला अभिमान वाटत होता, आणि तो वाटावा असंच ते काम होतं.

सरांनी दाण्यांची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

निरंजनला डाळिंब नको होतं.

त्यानं रत्नप्रभा मगदूम यांची हकिगत सांगायला सुरुवात केली. रत्नाकाकूंची खाणावळ सरांनाही ठाऊक होती. नर्सिंगची मुलं, पेशंटचे नातेवाईक, सगळे तिथंच जेवत. काकूंना अधूनमधून एकदम अंधारी यायची. डॉक्टरांना संशय होता की त्यांचं हृदय मध्येच क्षणभर थांबतं. पण तपासणीला नेलं की आलेख अगदी नीट यायचा. ते थांबणं कधीतरी कुणाच्या तरी हाती लागायला हवं होतं, म्हणजे नेमका उपाय करता आला असता. त्यासाठी निरंजननं आपला पट्टा काकूंच्या दंडाला बांधला होता.

काकूंनी तो काढून लोणच्याच्या बरणीमागे ठेवून दिला. आणि त्याच आठवड्यात त्या मोरीपाशी कोसळल्या. कपाळाला टाके पडले.

“हृदय थांबलं असणार, सर. पट्टा असता तर सापडलं असतं. मी इतकं समजावून सांगितलं होतं. माणसाला स्वतःच्या जिवाची किंमत नसेल तर...”

तो थांबला. त्याचा आवाज चढला होता.

सर उठले. हात धुतले, पुसले. मग निरंजनच्या शेजारी येऊन बसले आणि त्याचं मनगट हातात घेतलं. नाडी बघायला घेतात तसं.

निरंजनला बरं वाटलं. वॉर्डात सर पेशंटचा हात असाच घ्यायचे आणि पेशंट निम्मा तिथंच बरा व्हायचा.

थोडा वेळ गेला. सरांनी हात सोडला नाही.

“सर...?”

“चल, पानं संपलीत. चौकात जाऊन येऊ.”

आणि ते तसेच उठले. मनगट धरलेलंच. जिना उतरताना निरंजनला वाटलं, सरांना आधार हवा असेल. पण सर कठडा धरून नीट उतरत होते. आधार घेणाऱ्याची पकड अशी नसते. तीन बोटं नाडीवर अचूक टेकलेली होती.

खाली सतारवाल्यानं हातातलं काम थांबवून वर पाहिलं. कोण हा, काय झालंय याला, असं त्यानं विचारलं. मला काही झालेलं नाही, असं निरंजननं हसून सांगितलं. त्यावर सतारवाल्यानं मान हलवली, ती विश्वास बसल्यासारखी नव्हती.

मिरजेत मुल्ला डॉक्टरांना कोण ओळखत नाही? त्यांनी भर रस्त्यात एका तरण्या माणसाची नाडी धरलीये म्हटल्यावर लोक थांबायला लागले. औषधाच्या दुकानदारानं खुर्ची बाहेर आणली आणि निरंजनला आधी बसून घ्या म्हणाला. एक बाई म्हणाल्या, चेहरा पांढराफटक पडलाय बघा. पानवाल्यानं पानं बांधता बांधता आपल्या मेव्हण्याचं सांगितलं. त्यालाही असंच झालं होतं म्हणे, पुढं काय झालं ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

निरंजन सगळ्यांना सांगत होता, मी ठणठणीत आहे. पण प्रत्येक वेळी त्याचा आवाज थोडा बारीक होत होता.

परतताना त्याला स्वतःचे ठोके ऐकू यायला लागले. आधी मनगटात, मग कानात. मधला एक ठोका चुकला की काय असं वाटलं. श्वास पुरत नव्हता की चालण्यानं लागली होती धाप? त्यानं सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सर पुढे बघून चालले होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याची त्याला जास्त भीती वाटली.

घरी आल्यावर सरांनी त्याला तसाच शेजारी बसवला आणि डाव्या हातानं पानाला चुना लावू लागले.

निरंजननं मनगट हिसडून सोडवून घेतलं.

खाली कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होतं.

“खरं सांगा, सर. काय आहे माझ्या नाडीत?”

“कुणास ठाऊक.”

“म्हणजे?”

“मी मोजतच नव्हतो.”

...

निरंजन बराच वेळ आपलं मनगट चोळत राहिला. मग त्यानं वाटी पुढे ओढली आणि एकेक दाणा तोंडात टाकू लागला. सर पान चघळत खिडकीबाहेर बघत होते.

तिथून तो थेट खाणावळीत गेला. दुपारची गर्दी ओसरली होती. कपाळाला पट्टी बांधलेल्या रत्नाकाकू एका कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांची सून स्नेहल एकटीच पोळ्या लाटत होती. निरंजनला बघितल्यावर काकूंनी नजर चुकवली. पट्ट्यावरून बोलणी बसणार, असं त्यांना वाटलं असावं.

त्यानं पट्ट्याचं नाव काढलं नाही. त्यानं विचारलं, तुम्ही आज पोळ्या करायला का नाही?

काकूंनी सुनेकडे बोट दाखवलं.

“करू देत न्हाईत. ते यंत्र शेगडीपुढं वाजायचं. वाजलं की ही पळत यायची, पोरं जेवायची थांबायची. ताटाकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघायची.” त्यांनी पदराच्या टोकाशी चाळा केला. “आणि मग मलाबी वाटायचं, झालं, आता मी चालले. सांग बघू, असं कसं जगायचं?”

निरंजनला पानवाल्याचा मेव्हणा आठवला. त्यानं मान हलवली. तुमचं बरोबर आहे, म्हणाला. काकूंना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी स्नेहलला चहा टाकायला सांगितलं.

त्यानंतर तो कामाला लागला. पट्टा उघडून सगळ्यात आधी त्यानं वाजणारा भाग काढून टाकला. मग पडदा. पडदा काढताना त्याचा हात अडखळला, कारण फोटोत दिसत होता तो पडदाच. पण पडदा असला की आकडा दिसणार, आणि आकडा दिसला की माणूस त्याच्याकडेच बघत बसणार. शेगडीच्या धगीनं वाढणारे ठोके, जिना चढून वाढणारे ठोके, रागावल्यावर वाढणारे ठोके, हे सगळं पट्ट्यानं गुपचूप टिपायचं आणि कुणाला काही सांगायचं नाही, असं त्यानं त्याला शिकवलं. हृदय थांबायला लागलं तरच पट्टा थरथरणार होता. तेही कातडीवर, फक्त काकूंना कळेल इतपत, आणि त्यांनी काय करायचं तर हातातलं टाकून खाली बसायचं. त्याच वेळी स्नेहलच्या फोनवर आलेखासकट निरोप जाणार होता. बस्स.

नवा पट्टा ब्लाउजच्या बाहीखाली झाकला जायचा. काकूंनी तो बांधून घेतला, दोन-चार वेळा हात वरखाली केला आणि पोळपाट मागितला. स्नेहलनं निरंजनकडे पाहिलं. निरंजन म्हणाला, द्या.

काकू पुन्हा शेगडीपुढे उभ्या राहू लागल्या. मुलं पुन्हा ताटाकडे बघून जेवू लागली.

झोप उडाली ती निरंजनची. पट्टा गप्प होता, आणि गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे की पट्टाच बंद पडलाय, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. काकूंचा आलेख त्याच्या फोनवर येत असे. तो जेवताना बघायचा, कुणाशी बोलताना बघायचा, रस्ता ओलांडताना बघायचा. एकदा सरांकडे बसला असतानाही त्यानं बघितलं. सरांनी फक्त त्याच्या फोनकडे आणि मग त्याच्या मनगटाकडे पाहिलं. निरंजन ओशाळला, फोन खिशात टाकला, आणि जिना उतरल्यावर पुन्हा काढला.

मग एके दिवशी भर दुपारी आलेखाची रेघ तुटली.

आधी ती नेहमीसारखी चालली होती. मग लांबलचक सपाट झाली. पुन्हा एक ठोका. पुन्हा सपाट. आणि मग काहीच नाही.

निरंजननं स्नेहलला फोन लावला. तिनं उचलला नाही. तो मोटरसायकलवरून खाणावळीपाशी पोचला तर फळ्या लावलेल्या. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, काकूंना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, जेवणारी पोरंच घेऊन गेली.

दवाखान्याच्या पायऱ्या चढताना त्याच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. आवाज मी काढला. तो पट्टा वाजायचा, सगळे पळत यायचे, मी तो गप्प केला. फोटोतला पट्टा चांगला होता. सरांच्या नादी लागून मी...

वॉर्डाच्या दारात तो थांबला. आत जायचं धैर्य होईना.

आतून आवाज आला, “आमटीत मीठ घातलंस का न्हाईस? तशीच टाकून आलीस ना?”

निरंजननं आत पाहिलं. रत्नाकाकू उशीला टेकून बसल्या होत्या. छातीला दवाखान्याच्या वायरी चिकटवलेल्या होत्या, आणि रिक्षात चढवताना दंडावरून निसटलेला पट्टा बाजूच्या स्टुलावर ठेवला होता. रेघ तुटली होती ती त्यामुळे.

स्नेहल रडत होती आणि हसतही होती. तिनंच सगळं सांगितलं. काकू पोळी उलटत होत्या. दंडावर थरथर झाली तसं त्यांनी उलथनं खाली ठेवलं, गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. कुणाला काही कळलंसुद्धा नाही. तेवढ्यात स्नेहलच्या फोनवर निरोप आला. ती आली तेव्हा काकूंची शुद्ध हरपत होती, पण त्या पडल्या नव्हत्या. कुठं लागलं नव्हतं. आणि ज्या थांबण्याला कुणी इतके दिवस पकडू शकलं नव्हतं, ते स्नेहलच्या फोनवर लख्ख उमटलं होतं. डॉक्टरांनी ते एकदा पाहिलं आणि पेसमेकर बसवायचं ठरवून टाकलं. त्यानंतर हृदय थांबू लागलं तर ते यंत्रच त्याला पुढे ढकलणार होतं.

निरंजन बाहेर आला आणि पायरीवर बसला. जाणारे-येणारे वळून बघत होते. या माणसाचं कोणी गेलं असेल असं त्यांना वाटलं असणार, इतकं त्याला रडू येत होतं. एका म्हाताऱ्यानं काही न विचारता पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली. तो घटाघटा प्यायला. पाणी इतकं गोड असतं हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. काकू घरी आल्या, खाणावळ उघडली. एक दिवस निरंजन जेवायला गेला तेव्हा त्यांनी त्याला पोटभर वाढलं, मग आतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी आणून त्याच्या हातात दिलं.

पट्टा होता. कापड धुऊन, वाळवून, घडी घातलेलं.

आता मला लागायचा न्हाई, त्या म्हणाल्या. आणि जेवणाऱ्या मुलांकडे वळल्या.

तो पट्टा घेऊन निरंजन सरांकडे गेला. मन हलकं होतं, पण त्यात कुठंतरी काहीतरी बारीक टोचत होतं. आयुष्यातली सगळ्यात चांगली वस्तू त्यानं बनवली होती, आणि जिच्यासाठी बनवली तिला ती आता नको होती. तो सरांसमोर बसला. कागद सोडून पट्टा मेजावर ठेवला.

“परत दिला, सर.”

सरांनी चष्मा लावून पट्ट्याकडे पाहिलं. मग त्याच्या रिकाम्या हातांकडे.

...

“पेढे कुठं आहेत?”